खोटी शिकवण ओळखावी कशी? पाड्यावरच्या मंडळीसाठी सहा कसोट्या



या अंकात एका अशा विषयावर लिहीत आहोत, ज्याविषयी आम्ही आजवर फारसे बोललो नाही. आपण ज्यांच्यासाठी प्रार्थना करता, ज्यांच्यासाठी आपल्या कष्टाच्या पैशातून देणगी पाठविता, त्या पाड्यांवरच्या लहान मंडळ्यांना खोट्या शिकवणीपासून कसे राखावे, हा तो विषय आहे.

सातपुड्याच्या डोंगरातील एका पाड्यावर आमचा सुवार्तिक दर आठवड्याला जातो. तेथील एका भावाला क्षयरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला कमी झाला, ताप गेला, भूक लागू लागली. त्याच सुमारास बाहेरून एक उपदेशक आला. तीन रात्री मोठ्या आवाजात सभा झाली. त्या भावावर हात ठेवून त्याने जाहीर केले की आजार निघून गेला आहे, आणि आता गोळी घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखविणे होय. अभिषेकाच्या तेलाची एक लहान बाटली त्याने दिली. तिच्या अर्पणासाठी घरातली शेळी विकली गेली.

आमचा सुवार्तिक गेला तेव्हा गोळ्यांची पाकिटे छपराच्या कुडात खोचलेली होती. "काका, गोळ्या का सोडल्या?" त्याने विचारले. "पास्टर, बरा झालो ना मी! सगळ्यांसमोर साक्ष पण दिली. आता गोळी खाल्ली तर देव रागवेल." पुढच्या तीन महिन्यांत खोकला परत आला आणि थुंकीतून रक्त पडू लागले. उपचार पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. घरातील सर्वांची तपासणी झाली आणि धाकट्या मुलीला प्रतिबंधक औषध सुरू करावे लागले. देवाच्या कृपेने तो भाऊ आज शेतात काम करतो. पण एक प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. एवढी प्रेमळ, प्रार्थनाशील मंडळी तीन रात्रींत कशी फसली?

फसवणूक खरी का वाटते?

खोटी शिकवण नेहमी मूर्ख माणसांनाच फसविते असे नाही. ती खरी वाटावी अशी परिस्थिती पुष्कळदा आधीच तयार असते. आजारांचेच पाहा.

क्षयरोगाचा नेहमीचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. परंतु औषध लागू पडले की काही आठवड्यांतच रुग्णाला हुशारी वाटू लागते. शरीरात जंतू शिल्लक असतात, पण अंगात ताप नसतो. या वेळी जो कोणी हात ठेवील, त्याच्या हाताला यश आल्यासारखे दिसते. अर्धवट सोडलेल्या औषधाने मात्र उरलेले जंतू निबर होण्याचा धोका असतो, आणि मग साध्या गोळ्या चालेनाशा होतात.

सिकलसेल हा आपल्या अनेक आदिवासी कुटुंबांतला आनुवंशिक रक्ताचा आजार. यात अंगात भयंकर कळा येतात, काही दिवस राहतात आणि ओसरतात. त्या ओसरणाऱ्याच दिवशी प्रार्थना झाली असेल तर "बरा झाला" अशी आरोळी होते. आजार मात्र रक्तात असतोच, पुढची कळ येतेच. हिवतापाचा ताप एक दिवस चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. साप चावला तरी प्रत्येक साप विषारी नसतो, आणि विषारी साप प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. म्हणून पूर्वी भगताचे नाव व्हायचे, आणि आता कधी कधी तेच नाव एखाद्या उपदेशकाचे होते. भगताचा अंगारा गेला आणि तेलाची बाटली आली, एवढाच फरक पडला, तर आपण त्या घरात सुवार्ता पोहोचविली असे कसे म्हणावे?

याला दुसरीही एक बाजू आहे. रुग्ण बरा झाला नाही की उपदेशक सांगतो, "तुझा विश्वास कमी पडला." किंवा त्याहून वाईट म्हणजे, "तुझ्या घरावर कोणीतरी करणी केली आहे." मग बोट कोणाकडे वळते? बहुतेक वेळा एखाद्या एकट्या विधवेकडे. डाकीण ठरविल्या गेलेल्या स्त्रियांचे हाल आपल्या डोंगरात अनेकांनी पाहिले आहेत. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने हा गुन्हा ठरविला आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हाही त्याच कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. सरकारच्या कायद्याला जे अमानुष वाटते, ते प्रभूच्या नावाने करणे किती भयंकर!

देव बरे करीत नाही काय?

करतो. याविषयी आमच्या मनात शंका नाही. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. आम्ही तसे करतो आणि करीत राहू. पण त्याच पवित्र शास्त्रात आणखीही काही आहे, आणि ते सभांमध्ये क्वचित ऐकू येते.

हिज्कीया राजा मरणाच्या दारी असता देवाने त्याला आयुष्य वाढवून दिले, आणि यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची चांदी लावण्यास सांगितले (२ राजे २०:७). वचनही देवाचे आणि लेपही त्याच्याच संदेष्ट्याच्या हातून! पौलाच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता, आणि पौल त्याचा उल्लेख प्रेमाने करतो (कलस्सै. ४:१४). तीमथ्याला वारंवार पोटाचा त्रास होई, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घेण्याचा घरगुती सल्ला दिला (१ तीम. ५:२३). त्याच्यावर अविश्वासाचा ठपका ठेवला नाही. त्रफिमाला पौलाने मिलेतात आजारी असताच मागे ठेवले (२ तीम. ४:२०). एपफ्रदीत तर मरता मरता वाचला (फिलिप्पै. २:२७). आणि स्वतः पौलाने आपल्या देहातील काट्यासाठी तीनदा विनंती केली, तरी तो काटा राहिला (२ करिंथ. १२:७-९). या सर्वांचा विश्वास कमी पडला होता, असे कोणी म्हणेल काय?

प्रभु येशूने कुष्ठरोग्यांना शुद्ध केले तेव्हा काय केले तेही आठवा. त्याने त्यांना याजकाकडे जाऊन स्वतःला दाखविण्यास सांगितले (मार्क १:४४, लूक १७:१४). मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे चट्टा गेला की नाही हे तपासून सांगण्याचे काम याजकाचे होते. म्हणजे ज्याने खरोखर बरे केले, त्याला तपासणीची भीती नव्हती. त्यानेच तपासणीला पाठविले. आज आपण एवढेच म्हणू शकतो: "भाऊ, देवाने तुला बरे केले असेल तर आनंद आहे. चल, थुंकी तपासून घेऊ. डॉक्टर म्हणाले म्हणजे गोळ्या बंद करू, आणि मग सगळे मिळून उपकारस्तुती करू."

ही लढाई नवी नाही

एफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौलाने त्यांना दोन धोके सांगितले. बाहेरून क्रूर लांडगे येतील, आणि तुमच्यामधूनही काही जण उठून शिष्यांना आपल्या मागे ओढून नेतील (प्रे. कृत्ये २०:२९-३०). हा इशारा त्याने तीन वर्षे रात्रंदिवस अश्रू गाळीत दिला होता. खोट्या शिकवणीविषयी बोलणाऱ्याच्या डोळ्यांत राग नव्हे तर पाणी असावे, हे आपण त्याच्यापासून शिकावे.

पहिल्या शतकाच्या अखेरचे किंवा दुसऱ्याच्या आरंभीचे मानले जाणारे 'दिदाखे', म्हणजे 'बारा प्रेषितांची शिकवण', हे छोटे पुस्तक १८८३ साली छापून प्रसिद्ध झाले. त्या काळी गावोगाव फिरणारे संदेष्टे असत, आणि लहान मंडळ्यांना आपल्यासारखाच प्रश्न पडे. त्यांना या पुस्तकाने अगदी व्यवहारी नियम दिले. पाहुण्याचे प्रभूसारखे स्वागत करा. पण तो एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहील. तीन दिवस ठाण मांडून बसला तर तो खोटा. जाताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकर न्यावी, आणि पैसे मागितले तर तो खोटा. मात्र गरजू लोकांसाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नका. पाड्यावरच्या मंडळीला आजही यापेक्षा सोपे नियम सांगता येणार नाहीत.

इसवी सन १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीपुढे मार्कियन नावाचा श्रीमंत जहाजमालक उभा राहिला. जुन्या करारातला देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असे तो शिकवी. त्याने मंडळीला दोन लाख सेस्टर्स, म्हणजे त्या काळची मोठी रक्कम, दान दिली होती. त्याची शिकवण खोटी ठरली तेव्हा मंडळीने त्याला बाहेर तर काढलेच, शिवाय त्याचे पैसेही परत केले. सत्याला किंमत द्यावी लागते, आणि ती देण्याची तयारी त्या मंडळीने दाखविली.

आणि सावध न राहिल्यास गोष्ट कोठवर जाते? केनियातील शाकाहोला जंगलात २०२३ साली चारशेहून अधिक मृतदेह सापडले. उपाशी राहिल्यास येशूची भेट होईल, अशी शिकवण तेथील लोकांना दिली गेली होती, असा आरोप आहे. त्यांत पुष्कळ लहान मुले होती. तेही आपल्यासारखेच पवित्र शास्त्र हाती घेणारे लोक होते.

सहा कसोट्या

आमच्या सुवार्तिकांच्या आणि मंडळीच्या वडिलांच्या प्रशिक्षणात आम्ही आता पुढील सहा प्रश्न शिकवितो. अक्षर न येणाऱ्यालाही बोटांवर मोजून ते लक्षात ठेवता येतात.

पहिला: तो येशूविषयी काय सांगतो? देह धारण करून आलेला, वधस्तंभावर मेलेला, पुन्हा उठलेला प्रभु मध्यभागी आहे, की उपदेशकाचे स्वतःचे नाव, स्वप्ने आणि फोटो? (१ योहान ४:१-३)

दुसरा: तो सगळे शास्त्र सांगतो की एकच ओळ? सैतानानेही मंदिराच्या शिरोभागी स्तोत्रातील वचन सांगितले होते. प्रभूने त्याला दुसऱ्या वचनाने उत्तर दिले (मत्तय ४:५-७). एका वचनाला दुसऱ्या वचनाशेजारी ठेवून पाहावे.

तिसरा: पैसे कोठे जातात? नामान बरा झाला तेव्हा अलीशाने काहीही घेतले नाही. त्याचा चाकर गेहजी मात्र मागून धावत जाऊन घेऊन आला आणि नामानाचे कोड त्याला लागले (२ राजे ५). पेत्राने तर देवाचे दान पैशाने मिळते असे समजणाऱ्या शिमोनाला कठोर शब्दांत झिडकारले (प्रे. कृत्ये ८:१८-२०). तेलाला, रुमालाला, प्रार्थनेला दर असेल तर तो बाजार आहे.

चौथा: तो तपासू देतो काय? बिरुयातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे बोलणे दररोज शास्त्राशी ताडून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची स्तुती झाली (प्रे. कृत्ये १७:११). प्रश्न विचारताच जो "अभिषिक्ताला हात लावू नका" म्हणून दरडावतो, त्याच्यापासून सावध राहावे.

पाचवा: त्याने सांगितलेले घडते काय? न घडल्यास तो संदेश देवाचा नव्हे, असे अनुवादाच्या अठराव्या अध्यायात आहे. अमेरिकेत २२ ऑक्टोबर १८४४ आणि पुन्हा २१ मे २०११ या तारखा प्रभूच्या येण्याच्या म्हणून जाहीर झाल्या. हजारोंनी विश्वास ठेवला आणि ते निराश झाले. परंतु येथे एक बारकावा आहे. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात म्हटले आहे की चिन्ह घडले तरीही, जर तो तुम्हाला देवापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नका. केवळ चमत्कार हा पुरावा नव्हे.

सहावा: तो गेल्यावर घरात काय उरते? झाडाची ओळख फळावरून होते, असे प्रभूने खोट्या संदेष्ट्यांविषयीच सांगितले आहे (मत्तय ७:१५-२०). मागे शांती, समेट, व्यसनमुक्ती, मुलांचे शिक्षण उरते? की कर्ज, भीती, शेजाऱ्यावर संशय आणि फेकून दिलेल्या गोळ्या?

सावधगिरी म्हणजे संशय नव्हे

या कसोट्या दुसऱ्याला झोडपण्याची काठी होऊ नयेत. बाप्तिस्मा कसा द्यावा, गाणी ढोलावर म्हणावीत की पेटीवर, प्रार्थना मोठ्याने करावी की मनात, याबद्दल मंडळ्यांमध्ये फरक असतो. हे फरक म्हणजे खोटी शिकवण नव्हे. आपल्याबरोबर न चालणाऱ्या एकाला शिष्यांनी मनाई केली, तेव्हा प्रभूने त्यांनाच थांबविले (मार्क ९:३८-४०). आणि जो अपुरे शिकवितो तो प्रत्येक जण लांडगा नसतो. अपुल्लोसाचे ज्ञान अपुरे होते, तेव्हा प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याला चारचौघांत लाजविले नाही, आपल्याकडे नेऊन अधिक नीट समजावून सांगितले (प्रे. कृत्ये १८:२६). तो तेलवाला उपदेशकही कदाचित कोणा दुसऱ्याकडून फसलेला असेल. आम्ही त्याला निरोप पाठविला आहे. तो आल्यास दार उघडे आहे.

आमची चूक, आणि आपणा सर्वांची जबाबदारी

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या भावाला प्रथम बरे वाटू लागले तेव्हा आम्हीही त्याची साक्ष लिहून घेतली होती. प्रार्थनेने ताप गेला, एवढेच त्यात होते. दोन महिन्यांच्या गोळ्या, दर आठवड्याला डोंगर चढून येणारी आशाताई, दवाखान्यातील परिचारिका यांचा त्यात उल्लेख नव्हता. ती साक्ष सभेत वाचली गेली, लोकांनी टाळ्या वाजविल्या. खोटे आम्ही लिहिले नाही, पण अर्धे सत्य लिहिले. आणि त्या अर्ध्या सत्याने उपदेशकाची वाट सोपी केली. मंडळीच्या कानाला तेच ऐकण्याची सवय आम्ही लावली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण लपवून ठेवले तर ही लेखणी हाती धरण्याचा अधिकार आम्हाला राहणार नाही.

म्हणून आम्ही ठरविले आहे की आजारातून बरे झाल्याची कोणतीही साक्ष छापताना उपचाराची माहितीही छापली जाईल. वैद्यकीय तपासणीशिवाय कोणी बरा झाला असे आम्ही लिहिणार नाही. औषध बंद करण्याचा सल्ला आमचा कोणताही सेवक देणार नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करून तो त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जाईल.

आपणही आम्हाला मदत करू शकता. देणगी देताना, आमच्यासह कोणत्याही संस्थेला, प्रश्न विचारा. हिशेब मागा. रोमांचक गोष्टी नसलेले अहवालही आनंदाने वाचा. सहा महिने न चुकता गोळ्या घेतलेल्या आईची गोष्ट ही देखील देवाच्या विश्वासूपणाचीच साक्ष आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वचन लोकांच्या हाती, त्यांच्या भाषेत असू द्या. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते छापून पूर्ण झाले. कमी शिकलेल्या बाईलाही स्वतः वाचून समजावे, ही त्यांची तळमळ होती. पाड्यावरच्या ज्या बहिणीची बोली मराठीहूनही वेगळी आहे, तिच्यासाठी ती तळमळ आज आपली असावी. जिला वचन स्वतः ऐकता येते, तिला तीन रात्रींत फसविणे सोपे नसते. त्या पाड्यावर आता दर शनिवारी संध्याकाळी मंडळी बसते. मुले मोठ्याने अध्याय वाचतात, कोणीतरी बोलीत समजावून सांगतो, आणि मग प्रश्न विचारले जातात. सर्वांत जास्त प्रश्न तो बरा झालेला भाऊच विचारतो.

प्रार्थनेचे विषय

१. मंडळीच्या वडिलांना नम्र आणि धैर्यशील अंतःकरण मिळावे, पाहुण्या उपदेशकाला प्रश्न विचारण्याचे धाडस व्हावे.

२. क्षयरोग व सिकलसेलने आजारी असलेल्या बंधुभगिनींनी उपचार पूर्ण करावेत.

३. डाकीण ठरविल्या गेलेल्या स्त्रियांना संरक्षण आणि मंडळीत सन्मानाची जागा मिळावी.

४. जे फसले आणि ज्यांनी फसविले, त्या दोघांनाही प्रभूने सत्याकडे वळवावे.

५. आमची लेखणी खरी राहावी.

प्रभूची कृपा आपणा सर्वांबरोबर असो. आमेन.